शेतकऱ्यांचे मुख्यमंत्री कै. वसंतराव नाईक : जीवन व कार्य

ज्या थोर पुरुषांच्या जन्माने आपला बंजारा समाज धन्य झाला, त्यांत कै. वसंतराव फुलसिंग नाईक यांचे नाव अग्रभागी आहे, हे आम्ही नव्याने सांगावयास नको. यवतमाळ जिल्ह्यातील तांड्यातांड्यांतून त्यांची तसबीर भिंतीवर दिसते आणि १ जुलै उजाडला म्हणजे तिला भक्तिभावाने हार घातला जातो. तथापि तसबिरीस हार घालणे निराळे आणि चरित्र जाणणे निराळे. आमच्या तरुण पिढीपैकी पुष्कळांना वसंतराव मुख्यमंत्री होते एवढेच ठाऊक असते. त्यांनी आपल्या दीर्घ कारकीर्दीत कोणत्या कामास अग्रक्रम दिला, तो का दिला, त्यातील काय टिकले आणि काय टिकले नाही, हे समाजबांधवांच्या घरी बसून वाचले जावे, या हेतूने आम्ही हा अल्प चरित्रलेख सादर करीत आहोत.

कुलवृत्तांत व बालपण

वसंतरावांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात गहुली या तांड्यावर झाला. वडिलांचे नाव फुलसिंग व मातोश्रींचे नाव होनूबाई. आजोबा चतुरसिंग नाईक यांनी हा तांडा वसविला. त्या काळी तांडा वसविणे म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगितले पाहिजे. आपले पूर्वज पिढ्यान् पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून देशभर फिरत. मोठमोठ्या फौजांना रसद पुरविणारे तेच. पुढे इंग्रजी अमलात पक्के रस्ते झाले, १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि लदेणीचा धंदा बुडाला. त्यातच १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि फिरत्या जमातींकडे संशयाने पाहण्याची सरकारी रीत पडली. धंदा गेला, अब्रूही गेली, अशा त्या संधिकाळात ज्या नायकांनी आपल्या माणसांना एका जागी थांबवून हाती नांगर दिला, त्यांची दूरदृष्टी खरोखर मोठी होय. नाईक हे घराण्याचे आडनाव होण्यापूर्वी ती तांड्याची जबाबदारी होती. नसाबात बसून तंटे मिटविणे, परमुलखात आपल्या माणसांसाठी शब्द टाकणे, अडल्या घरास धान्य पुरविणे ही नायकाची कामे. वसंतरावांनी राज्यकारभाराचे पहिले पाठ घेतले ते या ओसरीवर.

फुलसिंग नाईक हे शेतीभातीने संपन्न होते व शिक्षणाचे महत्त्व ओळखून होते. गहुलीस शाळा नव्हती. वसंतराव व त्यांचे वडील बंधू राजुसिंग यांचे प्राथमिक शिक्षण आसपासच्या गावांच्या शाळांतून झाले. घरी गोरबोली, शाळेत मराठी, पुढे इंग्रजी, असा तो प्रवास होता. उच्च शिक्षणासाठी वसंतराव नागपूरच्या मॉरिस कॉलेजात गेले, पदवीधर झाले आणि १९४० साली त्यांनी कायद्याची पदवी संपादन केली. तांड्यावरचा मुलगा वकील होणे ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती.

वकिली, विवाह व पुसदची सेवा

वकिलीचा आरंभ त्यांनी अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली केला. डॉ. पंजाबराव हे बहुजनांच्या शिक्षणाचे व शेतकऱ्यांच्या हिताचे कैवारी. पुढे १९५२ पासून दहा वर्षे त्यांनी केंद्रात कृषिमंत्रिपद भूषविले. अशा गुरूच्या सहवासात तरुण वसंतरावांना शेतकऱ्याच्या दुःखाकडे केवळ दयेने न पाहता कायद्याच्या व व्यवस्थेच्या दृष्टीने पाहण्याची सवय लागली असल्यास नवल नाही. लौकरच ते पुसद येथे स्वतंत्रपणे वकिली करू लागले. कोर्टात येणारे पक्षकार बहुतेक कुणबी, आंध, बंजारा, मुसलमान असे शेतकरीच. कर्जाचे कागद, जमिनीचे तंटे, सावकाराचे दावे यांतून साऱ्या तालुक्याची नाडी त्यांच्या हाती आली.

१९४१ साली त्यांनी नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी विवाह केला. वत्सलाबाई ब्राह्मण कुळातील. या विवाहाने दोन्हीकडे खळबळ उडाली. आमच्या समाजातील वडीलधाऱ्यांनाही तो रुचला नाही, हे आज लपविण्याचे कारण नाही. परंतु वसंतराव डगमगले नाहीत व वत्सलाबाईही डगमगल्या नाहीत. त्या घरात आल्या आणि घरच्याच झाल्या. तांड्यावरच्या स्त्रियांच्या सुखदुःखात त्यांनी लक्ष घातले आणि पुढील साऱ्या धकाधकीत पतीला साथ दिली. ज्या पुरुषाच्या नावाने आज आपण समाज एकत्र करतो, त्याने जातीची भिंत स्वतःच्या घरापासून ओलांडली होती, याचा विचार आपण प्रत्येकाने करावा.

१९४३ पासून वसंतराव पुसदच्या कृषी मंडळाचे अध्यक्ष होते व १९४६ साली ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. पुसद हे तेव्हा कापसाच्या व्यापाराचे पण लहानसेच गाव. पाणी, रस्ते, दिवाबत्ती, शाळा हेच तेथील प्रश्न. पुढे राज्याचा कारभार पाहताना लोकांनी निवडलेल्या माणसाच्या हाती पैसा व अधिकार नसला तर तो किती दुबळा ठरतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

विधानसभेत प्रवेश

स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ साली, वसंतराव पुसद मतदारसंघातून काँग्रेसतर्फे मध्य प्रदेश विधानसभेवर निवडून आले. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता व राजधानी नागपूर होती. पंडित रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळात त्यांची महसूल खात्याचे उपमंत्री म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द झाला. ज्या जमातींच्या कपाळी कालपर्यंत गुन्हेगारीचा शिक्का होता, त्यांपैकी एक पुत्र सरकारच्या महसूल खात्यात उपमंत्री म्हणून बसला, हा योग सामान्य नव्हे. १९५३ साली याच जिल्ह्यात दिग्रस येथे बंजारा समाजाची मोठी परिषद भरली व समाजाच्या संघटित कार्यास नवे वळण लागले. वसंतरावांनी समाजास आग्रहाने सांगितले ते शिक्षण घ्या, व्यसने सोडा, स्थिर शेती करा आणि इतर समाजांत मिसळून राहा, एवढेच.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. यशवंतराव चव्हाण यांच्या मंत्रिमंडळात वसंतराव प्रथम सहकारमंत्री व पुढे कृषिमंत्री झाले. मुंबईस राहावयास मिळालेल्या बंगल्याचे जुने इंग्रजी नाव बदलून त्यांनी त्याचे नाव वर्षा असे ठेवले. तोच बंगला पुढे मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान ठरला व आजही आहे. मृगाच्या सरीकडे डोळे लावून बसणाऱ्या कोरडवाहू मुलखातील माणसास समुद्रकाठी राहतानाही पावसाचे नाव सुचावे, यात नवल ते काय?

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि वसंतराव महसूलमंत्री झाले. या खात्यात असताना शेतजमिनीच्या कमाल धारणेचा १९६१ चा कायदा झाला व २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला. खाजगी साखर कारखान्यांच्या ताब्यातील विस्तीर्ण मळेही त्यातून सुटले नाहीत. त्या जमिनी कसण्यासाठी १९६३ साली शेती महामंडळ स्थापन झाले. कायद्याच्या अंमलबजावणीत पळवाटा निघाल्या, बड्या जमीनदारांनी नातलगांच्या नावे वाटण्या दाखविल्या, हे सर्वश्रुत आहे. परंतु स्वतः मोठ्या शेतकरी घराण्यात जन्मलेल्या मंत्र्याच्या कारकीर्दीत हा कायदा झाला, हीही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

पंचायत राज्याचा पाया

वसंतरावांच्या कार्यात आम्ही अत्यंत महत्त्वाचे मानतो ते जिल्हा परिषदांचे कार्य. बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली साऱ्या देशासाठी लोकशाही विकेंद्रीकरणाची शिफारस केली होती. महाराष्ट्रात ती कशी आणावी याचा विचार करण्यासाठी जून १९६० मध्ये वसंतरावांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. १५ मार्च १९६१ रोजी तिने २२६ शिफारशींचा अहवाल दिला. तीच नाईक समिती या नावाने आज विद्यार्थ्यांच्या पाठ्यपुस्तकांत आहे.

मेहता समितीचा भर गटावर, म्हणजे पंचायत समितीवर होता. नाईक समितीने विचारपूर्वक निराळी वाट धरली. गट लहान, त्याचे उत्पन्न थोडे, त्यास चांगले अभियंते, डॉक्टर, शेतकी अधिकारी मिळणे कठीण. जिल्हा हा मात्र कारभाराचा जुना व पुरेसा मोठा घटक. म्हणून खरी सत्ता व साधने जिल्हा परिषदेस द्यावीत, असे तिने ठरविले. जिल्हाधिकाऱ्यास परिषदेबाहेर ठेवावे व तिच्यासाठी स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावा, असे तिचे मत पडले. इतकेच नव्हे तर आमदार व खासदार यांनाही परिषदेत सदस्यत्व देऊ नये, म्हणजे गावोगावचे नवे नेतृत्व त्यांच्या सावलीत खुरटणार नाही, असाही तिचा अभिप्राय होता. जो स्वतः आमदार व मंत्री आहे, त्यानेच आमदारांचा पाय तेथून काढून घ्यावा, ही साधी गोष्ट नव्हे.

१९६१ चा कायदा होऊन १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. गावची शाळा, दवाखाना, विहीर, रस्ता, गुरांचा दवाखाना ही कामे लोकनियुक्त मंडळींच्या हाती आली. ज्यांच्या बापजाद्यांना तहसील कचेरीच्या पायऱ्या चढताना कापरे भरत असे, त्यांचे पुत्र सभापती होऊन तेथे बसू लागले. आमच्या समाजातील कित्येक कार्यकर्ते याच पायरीने वर चढले. पुढे या संस्थांत गटबाजी शिरली, त्यांचे अधिकारही कमी करण्यात आले. परंतु १९९२ च्या घटनादुरुस्तीने देशभर पंचायत राज्यास घटनेचा आधार मिळाला, तेव्हा महाराष्ट्रात त्या इमारतीचा पाया तीस वर्षांपूर्वीच घातलेला होता.

मुख्यमंत्रिपद व शेतीचा ध्यास

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले व चांद्याचे मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी त्यांचे निधन झाले आणि ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतरावांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. तेव्हापासून २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत, सुमारे अकरा वर्षे अडीच महिने, ते अखंड त्या पदावर राहिले. महाराष्ट्राच्या दुसऱ्या कोणत्याही मुख्यमंत्र्यास एवढा काळ लाभलेला नाही. या काळात १९६७ व १९७२ च्या निवडणुका त्यांनी पुसदमधून जिंकल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपासारखी संकटे आली. १९७० साली सिडको स्थापन होऊन मुंबईच्या पलीकडे नवे शहर वसविण्याचा उद्योग सुरू झाला. कोराडीसारखे वीजकेंद्र उभे राहिले. परंतु आम्हांस येथे त्यांच्या शेतीविषयक धोरणाबद्दलच विस्ताराने लिहावयाचे आहे, कारण त्यांच्या सर्व धोरणांचे मूळ तेथे होते.

त्या वर्षांत देशात धान्याची भयंकर टंचाई होती. रेशनच्या दुकानांपुढे रांगा लागत. अमेरिकेतून आलेला गहू व मिलो नावाची लाल ज्वारी लोकांना खावी लागे. १९६५ च्या युद्धकाळी परदेशी धान्यावर विसंबणाऱ्या देशाची मान किती अवघडते, हे सर्वांस कळून चुकले. त्याच सुमारास पुण्यास शनिवारवाड्यासमोरील सभेत वसंतरावांनी दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण न झाल्यास आपणांस जाहीर फाशी द्यावी, अशा आशयाची प्रतिज्ञा केली. तिची आठवण वृद्ध मंडळी आजही काढतात. राजकारणी पुरुषाने असे बोलावे काय, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. परंतु त्या प्रतिज्ञेने सारे शासनयंत्र शेतीच्या कामास जुंपले गेले, यात संशय नाही.

संकरित बियाणे हे त्यांचे मुख्य शस्त्र. १९६४ साली भारतात संकरित ज्वारीचे सीएसएच-१ हे पहिले वाण प्रसारित झाले. देशी ज्वारीपेक्षा ते आखूड, लौकर येणारे व खतास चांगला प्रतिसाद देणारे होते. पाऊस लौकर उघडला तरी हाती काही लागे, हा कोरडवाहू शेतकऱ्यास मोठाच दिलासा. वसंतराव मुख्यमंत्री असूनही शेताच्या बांधावर उभे राहून बियाणे, खत, औषध यांविषयी शेतकऱ्यांशी तासन्‌तास बोलत. अंगावर उत्तम सूट, तोंडात पाईप, आणि बोलणे मात्र पेरणी-डवरणीचे, अशी ती मूर्ती पुष्कळांच्या स्मरणात आहे. या ज्वारीच्या उणिवाही होत्या. तिच्या भाकरीस देशी ज्वारीची चव नव्हती, कडबा कमी निघे आणि कणसे भरताना पाऊस लागून राहिला तर दाणे काळे पडत. घरोघरी तिच्या नावाने नाके मुरडली गेली. तरीही उपाशी पोटास तिने आधार दिला आणि नव्या शास्त्राकडे पाहण्याची शेतकऱ्याची भीड तिने मोडली.

शास्त्र शेतापर्यंत यावयाचे तर त्याचे माहेरघर जवळ हवे, म्हणून कृषी विद्यापीठे निघाली. १९६८ साली राहुरीस महाराष्ट्र कृषी विद्यापीठ स्थापन झाले. विद्यापीठ अकोल्यास व्हावे म्हणून विदर्भात मोठे आंदोलन पेटले होते व त्यात माणसांचे प्राणही गेले. विदर्भाच्याच मुख्यमंत्र्यास विदर्भाचा रोष सोसावा लागला, हा त्यांच्या कारकीर्दीतील कठीण प्रसंग होय. १९६९ साली अकोल्यास पंजाबराव कृषी विद्यापीठ झाले. ज्यांच्याजवळ वकिलीचे धडे घेतले, त्या गुरूचे नाव शिष्याच्या राजवटीत विद्यापीठास मिळाले. १९७२ साली परभणी व दापोली येथील विद्यापीठे झाली. परभणीच्या विद्यापीठास २०१३ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, वसंतरावांचे नाव देण्यात आले. आपल्या पुसद तालुक्यातील पूस नदीवरील धरणही त्यांच्याच काळात, १९७१ साली, पूर्ण झाले.

दुष्काळ व रोजगार हमी

१९७२ साली पावसाने दगा दिला. त्यापूर्वीची दोन वर्षेही ओढीचीच गेली होती. विहिरी आटल्या, गुरे कवडीमोलाने विकली गेली, गावेच्या गावे काम शोधीत रस्त्यावर आली. अन्नधान्यातील स्वयंपूर्णतेचे स्वप्न किती दूर आहे, हेही त्या वर्षाने दाखवून दिले. अशा वेळी शासनाने मागेल त्यास काम देण्याचे ठरविले. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती अशी ती कामे. कामावर सुकडी वाटली जाई. हाल पुष्कळ झाले, मजुरी अपुरी पडली, कित्येक ठिकाणी अफरातफरीही झाली. परंतु जुन्या काळच्या दुष्काळांत जशी प्रेतांची रास पडे, तसे घडले नाही.

या व्यवस्थेमागील कल्पना विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात १९६५ च्या सुमारास तिचा प्रयोग झाला होता. श्रेय पागे यांचेच आहे. ती कल्पना उचलून साऱ्या राज्यास लागू करण्याचे धैर्य वसंतरावांच्या शासनाने दाखविले. पुढे १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसून शहरातील नोकरदार व व्यावसायिक यांच्याकडून खेड्यातील मजुरासाठी पैसा उभा राहू लागला. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. २००५ साली साऱ्या देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याच्या पाठीशी होता.

कापसाचा प्रश्न

यवतमाळ जिल्हा म्हणजे पांढऱ्या सोन्याचा मुलूख. परंतु सोने पिकविणाराच्या हाती काय लागते? शेतकरी बंडी भरून बाजारात जाई, अडत्या व दलाल भाव पाडीत, कापूस साठविण्याची ऐपत नसल्याने मिळेल त्या भावाने माल टाकून तो घरी परते. मग तोच कापूस पुढे चढ्या भावाने विकला जाई. या अनुभवातून कापूस एकाधिकार खरेदी योजना जन्मास आली. १९७१ साली कायदा झाला व १९७२ च्या हंगामात खरेदी सुरू झाली. राज्यातील कापूस सहकारी पणन महासंघामार्फत शासनानेच घ्यावयाचा, प्रत पाहून हमीभाव द्यावयाचा, सरकी काढून गठाणी विकाव्यात आणि फायदा उरल्यास तो पुन्हा शेतकऱ्यासच द्यावा, अशी तिची रचना होती. देशात अशा प्रकारची ही एकमेव योजना.

योजनेस दोष पुष्कळ चिकटले. चुकारे महिनोन्‌महिने थकत, प्रतवारीत लबाडी होई आणि बाहेर भाव चढला की कापूस रातोरात सीमेपलीकडे जाई. आमच्या जिल्ह्याची हद्द तर आंध्रास लागूनच होती. पुढे पुढे तोटा इतका वाढला की २००२ च्या सुमारास एकाधिकार व्यवहारात संपुष्टात आला व खाजगी व्यापाऱ्यांना बाजार खुला झाला. म्हणून ती कल्पनाच चुकीची होती, असे म्हणण्यास आम्ही तयार नाही. शेतकऱ्याच्या मालास आधी ठरलेला भाव मिळावा, हा वसंतरावांचा आग्रह होता. तो आग्रह अजून पुरा झालेला नाही.

कारण त्यानंतर जे घडले, ते सांगताना लेखणी जड होते. ज्या जिल्ह्याने महाराष्ट्रास शेतकऱ्यांचा मुख्यमंत्री दिला, तोच जिल्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी देशभर ओळखला जाऊ लागला. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्यांत यवतमाळ होते. महागडे बियाणे, कर्ज, बेभरवशाचा पाऊस, पडता भाव आणि ओलिताचा अभाव, ही कारणे आता सर्वांस पाठ झाली आहेत. विदर्भाचा मुख्यमंत्री अकरा वर्षे असूनही विदर्भाचे सिंचन मागे का राहिले, असा प्रश्न टीकाकार विचारतात. १९८४ साली दांडेकर समितीच्या अहवालाने हा अनुशेष आकड्यांनी मांडला. हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. वसंतरावांनी बियाणे व बाजार यांवर जेवढा भर दिला, तेवढे पाणी कोरडवाहू शेतापर्यंत पोचू शकले नाही, हे मान्य करावेच लागेल. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक हे १९९१ साली मुख्यमंत्री झाले आणि १९९२ साली त्यांनी जलसंधारणाचे स्वतंत्र खाते काढून पाणी अडविण्याचे व जिरविण्याचे कार्य हाती घेतले. काकांच्या कामातील उणी बाजू पुतण्याने भरून काढण्याचा यत्न केला, असे आम्ही समजतो.

अखेरचे दिवस

फेब्रुवारी १९७५ मध्ये वसंतराव मुख्यमंत्रिपदावरून पायउतार झाले व शंकरराव चव्हाण त्या जागी आले. १९७७ साली उत्तर भारतात काँग्रेसचा दारुण पराभव झाला, तरी वसंतराव वाशीम मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे आकस्मिक निधन झाले. वय अवघे सहासष्ट वर्षांचे होते. गहुलीच्या मातीत जन्मलेला देह इतक्या दूर परमुलखात विसावला, याची चुटपुट आमच्या वडील पिढीस जन्मभर लागून राहिली.

त्यांच्या जन्मदिनी, १ जुलै रोजी, महाराष्ट्रात कृषिदिन पाळला जातो. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्यांच्या नावाचे आहे. १९८४ साली विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी स्थापन झालेल्या विकास महामंडळासही त्यांचे नाव आहे. पुसदला त्यांच्या वडिलांच्या नावाचे महाविद्यालय आहे. ज्या तांड्याच्या मुलांना शाळेसाठी परगावी जावे लागले, त्याच तालुक्यात आज मुले-मुली घरून निघून महाविद्यालयात जातात.

आपण काय घ्यावे?

मुख्यमंत्री आपल्या जातीचे होते, मग त्यांनी जातीसाठी काय केले, असा प्रश्न कधी कधी आमच्याच बैठकांत निघतो. एकाच बोलीचे व एकाच रीतिरिवाजाचे आपले भाऊ आंध्र-तेलंगणात अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडतात, ही विसंगती खरी आहे व तिचे दुःखही खरे आहे. परंतु वसंतरावांनी आपल्या पदाकडे तांड्याचे नायकपद म्हणूनच पाहिले आणि साऱ्या महाराष्ट्राला आपला तांडा मानले, असे आम्हांस वाटते. नायक आपल्या घरचे पोते आधी भरून घेत नाही. जिल्हा परिषद, कृषी विद्यापीठ, रोजगार हमी, कापसाची खरेदी यांपैकी एकही गोष्ट एका जातीसाठी नव्हती, आणि तरीही प्रत्येकीचा लाभ तांड्यास झाला, कारण तांडा हा कोरडवाहू शेतकऱ्यांचा व मजुरांचाच आहे.

आजही आमच्या समाजातील असंख्य कुटुंबे दसरा-दिवाळी होताच ऊसतोडीसाठी दूर जातात. तांड्याला कुलपे लागतात, मुलांची शाळा सुटते. हे चालू असेतो वसंतरावांच्या तसबिरीस हार घालून आपले कर्तव्य संपत नाही. ज्यांची मुले शिकून नोकरीस लागली त्यांनी निदान एका ऊसतोड कुटुंबाच्या मुलाचे शिक्षण अंगावर घ्यावे. ज्यांच्याजवळ शेती आहे त्यांनी आपल्या शिवारातील नाला अडविण्यास हात लावावा. आणि जे जिल्हा परिषदेत वा विधानसभेत बसतात, त्यांनी पुसदच्या या आमदाराने अधिकार कशासाठी वापरला ते एकदा नीट अभ्यासावे. सेवालाल महाराजांच्या कृपेने समाजास अशी बुद्धी लाभो, हीच या पुण्यस्मरणाच्या निमित्ताने आमची प्रार्थना.